पहिला हात फाटकाच दिसतो, घाबरू नका

प्रश्न : काका नमस्कार, मी सांगलीत विश्रामबागला राहतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वाढदिवसाला मावसभावाने गनप्लाचं, म्हणजे गंडम या जपानी कार्टूनमधल्या महाकाय रोबोटच्या जोडायच्या प्लास्टिक मॉडेलचं, हाय ग्रेड प्रकारातलं किट दिलं, १/१४४ चं, म्हणजे खऱ्याच्या १४४ पट लहान. जोडून झालं, पण ढालीचा लाल मला जरा गडद पाहिजे होता म्हणून स्टेशनरीच्या दुकानातून अ‍ॅक्रिलिकची १५ मिलीची बाटली आणली आणि थेट लावली. ब्रशच्या रेघा उठल्या, आणि दुसऱ्या दिवशी नख लागलं तर अख्खी सालच निघून आली. मित्र म्हणतो हे रंग कापडावर मारायचे, किटवर नाही. मॉडेलचे खास रंग मागवायचे तर किटपेक्षा रंगच महाग पडतात. काय करू?

उत्तर : अरे, तोच रंग ठेव. मी गेली कितीतरी वर्षं साताऱ्यात बसून त्याच बाटल्या वापरतोय आणि माझ्या कपाटातली निम्मी मॉडेलं त्याच रंगांची आहेत.

आधी ती साल का निघाली ते बघू. किटचं प्लास्टिक म्हणजे बहुतेक पॉलिस्टायरीन, गुळगुळीत आणि पाणी अजिबात न पिणारं. कापड रंग पिऊन घेतं, म्हणून तीच बाटली ब्लाउजपीसवर वर्षानुवर्षं टिकते आणि ढालीवर एका रात्रीत सोलून येते. त्यात नव्या किटच्या पार्टवर कधी साच्यातला तेलकटपणा असतो, वर आपल्या बोटांचं तेल. म्हणून ढाल सुटी कर, कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने घास, आणि पूर्ण वाळू दे. मग हार्डवेअरमधून पाण्याचा पॉलिश पेपर आण, ८०० किंवा १००० नंबरचा, आणि ओला करून हलक्या हाताने फिरव. चकाकी गेली की बास, घासून कोपरे गोल करायचे नाहीत.

त्यावर प्रायमर, म्हणजे रंग धरून राहावा म्हणून खाली द्यायचा थर. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात राखाडी प्रायमरचा स्प्रे मिळतो तो चालतो, फक्त वीस-पंचवीस सेंटीमीटर लांबून, धुकं बसावं तसा, थांबत थांबत मारायचा, कारण त्यातलं सॉल्व्हंट एकदम जास्त बसलं तर प्लास्टिक मऊ पडतं. आधी रनरच्या, म्हणजे पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्या, उरलेल्या तुकड्यावर मारून बघ, रनर फेकून देऊ नकोसच कधी. गच्चीवर मार, तोंडाला मास्क लाव. स्प्रे नको असेल तर पॉलिश पेपर जास्त काळजीने मार आणि पहिल्या हातात पाण्याऐवजी अ‍ॅक्रिलिक मिडियम (रंग नसलेलं अ‍ॅक्रिलिक) मिसळ, टिकतं, पण सांध्याजवळ जपावं लागतं.

आता रेघा. क्राफ्टच्या रंगातले कण मॉडेलच्या रंगापेक्षा जाडे असतात आणि बाटलीतला रंग घट्ट असतो, तसाच लावला की रेघ उठणारच. टिफिनच्या झाकणात ओला टिश्यू पसर, त्यावर बटर पेपर, त्यावर तीन थेंब रंग आणि एक थेंब पाणी, आणि ब्रशने ढवळून बघ, गाळलेल्या दुधासारखा ओघळला पाहिजे. सांगलीच्या उन्हाळ्यात हा ओला टिश्यू फार कामाचा, नाहीतर रंग ब्रशवरच सुकतो. पाणी मात्र वाढवत नेऊ नकोस, रंगाला धरून ठेवणारा चिकटपणाच विरतो आणि रंग ठिपक्या ठिपक्यांत गोळा होतो. अजून पातळ हवा असेल तर मिडियम घाल.

पहिला हात दिल्यावर तुला वाटेल सगळं बिघडलं. खालचा राखाडी दिसतोय, कुठे लाल, कुठे नुसता ओघळ. तसाच दिसतो तो. इथेच सगळे जण घाबरून त्याच अर्धवट सुकलेल्या रंगावर परत ब्रश फिरवतात आणि रंग उचकटून गोळ्या होतात. ब्रश खाली ठेव, अर्धा तास उठून दुसरं काहीतरी कर. मग दुसरा हात, मग तिसरा, लाल आणि पिवळा हे झाकायला कमकुवत रंग, त्यांना चौथाही लागतो. गडद लाल पाहिजे असेल तर खाली तांबूस तपकिरीचा एक हात दे, वरचा लाल लवकर भरतो. झाल्यावर दोन दिवस नख लावायचं नाही आणि शेवटी वॉर्निश.

जाड थराचं एक गणित मला फार पटलेलं आहे. अठरा मीटरचा गंडम १/१४४ मध्ये साडेबारा सेंटीमीटरचा होतो. तुझ्या रंगाचा थर पाव मिलिमीटर जरी धरला तरी १४४ पटीने तो खऱ्या मशीनवर साडेतीन सेंटीमीटरहून जाड लेप झाला, गिलावाच की तो! मी स्वतः हे उशिरा शिकलो. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आम्ही घरीच परत रंगवायचो, माती रंग पिते त्यामुळे एका हातात काम व्हायचं, आणि तीच सवय घेऊन मी पहिला प्लास्टिकचा सैनिक रंगवला, १/३५ चा. त्याच्या शर्टाची बटणं आणि मिशी दोन्ही रंगाखाली गेली. तो अजून ठेवलाय मी.

आणि पूर्ण किट रंगवायला जाऊ नकोस. पहिलं गनप्ला १९८० मध्ये आलं ते ३०० येनचं होतं, गोंदाने चिकटवायचं आणि रंग आपणच द्यायचा. तुझ्या हाय ग्रेडचं प्लास्टिक रंगीतच येतं, त्यामुळे ढाल, एक-दोन पट्ट्या, खाचांमधून पातळ काळा-राखाडी आणि वरून मॅट वॉर्निश एवढ्यावर ते फार सुंदर दिसतं. सांधे फिरतात तिथे रंग नकोच, घासून जातो. पैसे खर्च करायचेच तर एक चांगला सिंथेटिक चपटा ब्रश आणि एक शून्य नंबरचा गोल घे, केस गळणारा ब्रश सगळी मेहनत घालवतो. आणि बाटलीवर पोस्टर कलर लिहिलेलं नाही ना ते बघ, तो वाळल्यावरही ओल्या बोटाने सुटतो.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, विमानाचं किट फेविकॉलने चिकटवतो आणि संध्याकाळपर्यंत पंख गळून पडतात. फेविक्विक देऊ का? (एक आई, सातारा)

उत्तर : ताई, फेविकॉलमधलं पाणी लाकडात किंवा कागदात शोषलं जातं तेव्हा तो धरतो, या प्लास्टिकमध्ये ते जायला जागाच नाही. यासाठी प्लास्टिक सिमेंट मिळतं, ते दोन्ही कडा विरघळवून एकमेकांत जिरवतं, वाळल्यावर तो एकच तुकडा होतो. कडेवर रंग असेल तर आधी खरवडून काढा, रंगावर ते नीट धरत नाही. खिडकी उघडी ठेवा आणि लावताना तुम्ही शेजारी बसा. फेविक्विकने चिकटतं, पण धक्क्याने तुटतं आणि त्याच्या वाफेने विमानाची पारदर्शक काच धुरकट होते, शिवाय नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात मी ते देणार नाही.

प्रश्न : निवृत्तीनंतर छंद लागला, घोडेस्वाराची आकृती महिनाभर रंगवली. ऑगस्टमध्ये मॅट वॉर्निशचा स्प्रे मारला आणि सगळ्यावर पांढरी साय आली. आता फेकायची का? (एक शिक्षक, सातारा)

उत्तर : सर, फेकू नका, रंग खाली शाबूत आहे. आपल्याकडे ऑगस्टमध्ये दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत, त्या हवेत स्प्रे मारला की उडणाऱ्या सॉल्व्हंटबरोबर हवेतली ओल थरात अडकते, तीच ही साय. माझ्याही एका आकृतीवर आली होती, मी ती डब्यात झाकून ठेवली, पाऊस सरल्यावर कोरड्या दुपारी त्याच स्प्रेचा अगदी हलका हात दिला आणि घोड्याची आयाळ परत काळी दिसायला लागली. बहुतेक वेळा असं जमतं. मारण्याआधी स्प्रेचा कॅन दोन मिनिटं तरी जोरात हलवा, मॅट करणारी पूड तळाला बसते आणि ती गुठळीने आली तरी पांढरं दिसतं. खरवडू नका, थिनर तर अजिबात लावू नका, प्लास्टिकच विरघळेल. दसऱ्याच्या आसपास चांगलं ऊन पडलं की मारा.