वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील एफ.ई. परीक्षेची तयारी

प्रश्न : मी २०१३ साली महाराष्ट्रातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. लग्नानंतर न्यू जर्सीत आले आणि मुले लहान असल्याने नोकरी केली नाही. आता पुन्हा या क्षेत्रात यायचे असून त्यासाठी एफ.ई. परीक्षा द्यावी, असा विचार आहे. माहेरी ठेवलेली जुनी पाठ्यपुस्तके मागवून पहिल्यापासून अभ्यास करावा का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : पुस्तके माहेरीच राहू द्या. एफ.ई. म्हणजे ‘फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग’ ही अभियंत्याच्या परवान्याच्या वाटेवरची पहिली परीक्षा. ती उत्तीर्ण झाल्यावर साधारणतः चार वर्षांचा अनुभव आणि पी.ई. (प्रोफेशनल इंजिनिअर) ही दुसरी परीक्षा, असा पुढचा मार्ग असतो. परवाना ज्या त्या राज्याचे मंडळ देते आणि भारतीय पदवीचे मूल्यमापन केव्हा करून घ्यावे लागते याचे नियमही तेच ठरवते. तेव्हा पैसे भरण्याआधी आपल्या राज्याच्या मंडळाचे नियम वाचून घ्यावेत.

परीक्षा संगणकावर होते. ११० प्रश्नांसाठी ५ तास २० मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला तीन मिनिटांपेक्षाही कमी. आपल्या विद्यापीठांनी आपल्याला ‘सिद्ध करा’ आणि ‘सविस्तर लिहा’ यांची सवय लावली. येथे सूत्र पाठ असण्याला फारसे मोल नाही, कारण परीक्षा घेणाऱ्या एन.सी.ई.ई.एस. या संस्थेची संदर्भपुस्तिका परीक्षेच्या वेळी पडद्यावर उघडीच असते, आणि तिच्याखेरीज दुसरा कोणताही संदर्भ आत नेता येत नाही. ही पुस्तिका संस्थेच्या संकेतस्थळावर खाते उघडल्यावर विनामूल्य मिळते. ती छापून घेऊ नका. पहिल्या दिवसापासून प्रत्येक उदाहरण ती संगणकावर उघडून, शब्द टाइप करून शोधत सोडवा. शब्दही त्यांचेच हवेत : आपण सर्रास ‘आर.सी.सी.’ म्हणतो, त्यांच्याकडे ते ‘रीइन्फोर्स्ड काँक्रीट’ असते.

आपल्याकडे शिकलेल्यांची खरी अडचण विषय विसरण्याची नसते, तर जे नीट आठवते त्याचीच असते. आय.एस. ४५६ ही काँक्रीटची भारतीय संहिता डोक्यात पक्की बसलेली असते आणि तिच्यात काँक्रीटची ताकद १५० मि.मी.च्या घनावर मोजतात, अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या (ए.सी.आय.) संहितेत ती दंडगोलावर मोजतात, आणि त्याच काँक्रीटचा हा आकडा घनाच्या आकड्याच्या सुमारे ८० टक्केच येतो. सुरक्षिततेसाठी आपण स्थिर आणि चल भाराला सरसकट १.५ ने गुणतो. तेथे स्थिर भाराला १.२ आणि चल भाराला १.६. मातीच्या वर्गीकरणात आपल्याकडे द्रव मर्यादेचे (माती प्रवाही होऊ लागते तेव्हाचे पाण्याचे प्रमाण) ३५ आणि ५० असे दोन टप्पे आहेत, तर तेथील युनिफाइड पद्धतीत ५० हा एकच. एककांचेही तसेच. पाण्याचे एकक वजन ९.८१ किलोन्यूटन प्रति घनमीटर जितक्या सहज ओठांवर येते, तितक्याच सहज ६२.४ पौंड प्रति घनफूट यायला हवे. निम्मी उदाहरणे फूट-पौंडांतच सोडवावीत, असे माझे मत आहे.

जलसंपदा व पर्यावरण, संरचना आणि भूतंत्र (माती व पाया) या विषयांवर प्रत्येकी १० ते १५ प्रश्न येतात. आपला अधिक वेळ तिकडे जावा. मात्र अभियांत्रिकी अर्थशास्त्राचे ५ ते ८ आणि व्यावसायिक नीतीचे ४ ते ६ प्रश्न आपल्याकडची मंडळी ‘हे काय इंजिनिअरिंग आहे का’ म्हणून सोडून देतात, तो शुद्ध तोटा आहे. इतक्या थोड्या अभ्यासात एवढे गुण दुसरा कोणताही विषय देत नाही.

एक गोष्ट मात्र माहेराहून जरूर मागवा : कॉलेजात वापरलेला कॅसिओ एफएक्स-९९१ हा कॅल्क्युलेटर. मान्य यंत्रांच्या यादीत तो आहे आणि त्याची बटणे बोटांना अजून आठवत असतील.

प्रश्न : मी गेटचा अभ्यास करत आहे आणि पुढे एम.एस.साठी अमेरिकेला जाण्याचा विचार आहे. तोच अभ्यास एफ.ई.ला पुरेल का? चुकीच्या उत्तराला गुण कापतात का?
– एक विद्यार्थी, कराड

उत्तर : खोलीच्या दृष्टीने पुरून उरेल. सवयी मात्र बदलाव्या लागतील. गेटमध्ये तीन तासांत ६५ प्रश्न असतात आणि बहुपर्यायी प्रश्न चुकल्यास गुण कापले जातात, त्यामुळे खात्री नसलेला प्रश्न सोडून देणे तेथे शहाणपणाचे ठरते. एफ.ई.मध्ये गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये. साधारण निम्मे प्रश्न झाल्यावर तो भाग जमा करून २५ मिनिटांची सुट्टी घेता येते, पण जमा केलेल्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही. अंदाजाने द्यायची उत्तरेही त्याआधीच देऊन टाकावीत. येथे क्रमवारी नाही, निकाल फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच असतो. अनुत्तीर्ण झाल्यास कोणत्या विषयात आपण किती मागे पडलो, याचा अहवाल मिळतो. तीन महिन्यांच्या एका कालखंडात एकदाच आणि बारा महिन्यांत जास्तीत जास्त तीनदा बसता येते, त्यामुळे ‘एकदा बसून बघू’ म्हणून प्रयत्न वाया घालवू नये.