व्हार्निश कॅशचे (वेबसाइटची पानं साठवून झटपट देणारं सॉफ्टवेअर) हिट किती फास्ट जातायत ते टर्मिनलवर कसं बघायचं?

वेगळं काही टाकायची गरज नाही, व्हार्निशसोबतच व्हार्निशहिस्ट (varnishhist) ही कमांड येते, सर्व्हरवर तीच चालवा (परवानगीची कटकट झाली तर सुडो लावा). ती शेअर्ड मेमरीतला लॉग वाचते आणि शेवटच्या काही रिक्वेस्टचा हिस्टोग्राम दाखवते, जो सतत हलत राहतो, बघत बसायला मजा येते खरंतर. | म्हणजे हिट (उत्तर कॅशमधूनच गेलं), # म्हणजे मिस (कॅशमध्ये सापडलं नाही). आडवा अक्ष सेकंदांचा पण लॉगरिदमिक (दर घराला दहापट) आहे, इथेच बहुतेकजण फसतात, म्हणजे -3 जवळ ढीग दिसला तर 1 मिलीसेकंद, -1 जवळ दिसला तर 100, दोन घरं सरकली की शंभरपट स्लो! साधारणपणे | चा डोंगर डावीकडे आणि # चा उजवीकडे दिसला पाहिजे. # खूप उजवीकडे असतील तर बॅकएंड (व्हार्निशमागचा मूळ सर्व्हर) रडतोय, आणि # च जास्त असतील तर आधी कुकी आणि कॅश-कंट्रोल हेडर चेक करा, ९०% वगैरे हिट रेटची स्वप्नं नंतर. वेळेऐवजी रिस्पॉन्सची साइझ बघायची तर कॅपिटल पी ऑप्शनला (-P) साइझ प्रोफाइल (size) द्या, एखादीच यूआरएल हवी असेल तर स्मॉल क्यूने (-q) फिल्टर लावा. फक्त हे लाइव्ह चित्र आहे, कालचा ग्राफ यात आपोआप मिळणार नाही.