शाळा उघडतेय म्हणून खेळ बंद करू नकोस

तुझा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा साडेसहा वर्षांचा, दुसरीत जाणार. सुट्टी संपायला दहा दिवस उरलेत आणि शाळेचं नाव काढलं की 'पोटात दुखतंय' सुरू. तुला वाटतं की आता खेळ आवरता घ्यावा, रोज दोन तास वहीपुढे बसवावं, म्हणजे सवय लागेल. सासूबाई म्हणतात, खेळू दे. तू माझ्या लेकीच्या वयाची असशील म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. माझी दोन मुलं आणि तीन नातवंडं माझ्या डोळ्यांदेखत शाळेत गेली. या बाबतीत मी तुझ्या सासूबाईंच्या बाजूची आहे. पण मीही एकदा नेमकं तेच केलं होतं जे तू करायला निघाली आहेस, म्हणून ते आधी सांगते.

थोरली नात दुसरीत जाणार होती. शाळा उघडायला आठ दिवस असताना मी तिचे ठोकळे, बाहुल्या, खडू सगळं माळ्यावर टाकलं. सकाळी शुद्धलेखन, दुपारी पाढे. पोर मुकाट्याने सगळं करायची आणि मला वाटायचं, छान सवय लागतेय. चौथ्या दिवशी दुपारी आतल्या खोलीतून तिचा आवाज आला, कुणाला तरी रागावत होती. जाऊन बघते तर घरातल्या सगळ्या उशा भिंतीला टेकवून रांगेत बसवलेल्या, हातात पट्टी. "ज्याला येत नाही त्याने उभं राहायचं!" मग तिने सगळ्यांत लहान उशी उचलून कोपऱ्यात उभी केली. क्षणभर थांबली, पट्टी खाली ठेवली, त्या उशीशेजारी जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, "घाबरू नको, मला पण येत नाही."

मी दारातच थांबले. वर्षभर आम्ही तिला विचारत होतो, शाळेत काय होतं, कुणी मारतं का, कुणी चिडवतं का. तिचं एकच उत्तर असायचं, 'काही नाही'. ती काही लपवत नव्हती. सगळ्या वर्गासमोर उभं राहण्याची भीती वाटते, हे त्या वयात शब्दांत मांडताच येत नाही. खेळात मात्र ते आपसूक आलं. आणि मी तर खेळणीच माळ्यावर टाकून बसले होते!

त्याच संध्याकाळी सगळं खाली काढलं आणि तिला विचारलं, "मला घेशील का तुझ्या वर्गात?" मग रोज शाळा-शाळा. ती बाई, मी विद्यार्थिनी. मला मुद्दाम काही यायचं नाही. पहिले दोन दिवस ती मला खूप ओरडली, कोपऱ्यात उभं केलं. मी उभी राहिले. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच नियम बदलला: ज्याला येत नाही त्याने बोट वर करायचं, मग बाई जवळ येऊन सांगतील. हा नियम तिने खऱ्या वर्गात वापरला की नाही, मला ठाऊक नाही. पण लेकीने वर्गशिक्षिकेला भेटून ही भीती सांगितली, त्यांनी ती समजून घेतली, आणि सकाळचं रडणं पंधरा दिवसांत थांबलं.

म्हणून तुला पहिलं सांगणं हे, की या दहा दिवसांत तो काय खेळतो ते बघ. लांबूनच बघ. मध्ये पडून 'असं नाही, तसं' म्हणू नकोस, आणि खेळ संपल्यावर 'तुला शाळेत असंच होतं का रे?' असा उलटतपासही घेऊ नकोस. त्याने बोलावलं तर जा, आणि तो देईल ती भूमिका घे.

खेळ म्हणजे मोकाट सुटणं आणि शाळा म्हणजे शिस्त, ही आपली समजूतच मुळात चुकीची आहे. लेव व्हायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये खेळावर एक व्याख्यान दिलं होतं. त्यात पाच आणि सात वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणींचं उदाहरण आहे, ज्या 'बहीण-बहीण' खेळतात. एरवी त्या बहिणी असतातच, त्याचा विचारही करत नाहीत. पण खेळात मात्र बहिणीने कसं वागायचं हे नीट आठवून वागतात, हात धरून चालतात. म्हणजे खेळात मूल आपणहून नियमाला बांधून घेतं. जे मूल एरवी दोन मिनिटं एका जागी बसत नाही, ते लपाछपीत पडद्यामागे श्वास रोखून बसतं! आपण सांगून बसवलं असतं का?

आणि चार मुलं जमली की बघ. राज्य कुणावर यावरूनच भांडण. मग टाइमप्लीज. कुणी रडीचा डाव खेळला की खेळ थांबतो, तंटा मिटतो, पुन्हा सुरू. धाकटं कुणी आलं तर त्याला कच्चं लिंबू करून घेतात, म्हणजे ते खेळतं पण बाद होत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलांनी लहानग्याला सांभाळून घ्यायची ही रीत मला फार मोलाची वाटते. आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हरल्यावर घरी न पळणं, आपलं म्हणणं न रडता मांडणं, हे शाळेच्या पहिल्या आठवड्यात पाढ्यांपेक्षा जास्त लागतं. तेव्हा वहीचे दोन तास करण्यापेक्षा त्याच्या वर्गातल्या एखाद्या मुलाला दोन-तीनदा खेळायला बोलाव. वर्गात शिरताना एक ओळखीचा चेहरा दिसला तरी पुष्कळ असतं.

एका बाबतीत मात्र तुझं बरोबर आहे. सवय हवी, पण ती झोपेची. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. सुट्टीत झोपायला उशीर होतो आणि मग एका रात्रीत घड्याळ मागे नेता येत नाही. आजपासून रोज पंधरा मिनिटं आधी निजव आणि तेवढंच आधी उठव. उठल्यावर थोडा वेळ बाहेर उजेडात ने, त्याने शरीराचं घड्याळ लवकर वळतं. शाळेच्या वेळेला आंघोळ, खाणं आत्तापासून कर. वाचन हवं तर निजताना गोष्ट वाच, एक पान तू, एक ओळ तो.

शाळा सुरू झाल्यावर खेळाची वेळ सगळ्यांत आधी कापली जाते, तिला हात लावू नकोस. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर मोकळ्यावर काढू दिली. तीन वर्षांनी पाहिलं तर त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना मायनसचा नंबर लागला होता, आणि ज्या शाळांत ही जास्तीची वेळ नव्हती तिथे सुमारे ४० टक्के मुलांना. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसतं बाहेर असण्याने डोळ्यांत एवढा फरक!

मधल्या सुट्टीबद्दल तर मी आजही तावातावाने बोलते. गृहपाठ राहिला म्हणून मधली सुट्टी बंद, ही शिक्षा ऐकली की जीव तुटतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच स्पष्ट म्हटलंय की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी मुलांची ही सुट्टी काढून घेऊ नये. तुझ्या मुलाच्या वर्गात असं होत असेल तर शिक्षकांना शांतपणे भेट.

तो शाळेतून आला की पहिला तासभर काही विचारू नकोस. दिवसभर शहाण्यासारखं वागून मूल दमतं आणि घरात पाय ठेवताच क्षुल्लक कारणावरून भडकतं. तो उद्धटपणा नव्हे, इथे चालतं एवढी खात्री असते म्हणून ते होतं. खाऊ-पिऊ घाल, खेळू दे. नंतर 'काय शिकवलं?' पेक्षा 'मधल्या सुट्टीत कुणाबरोबर होतास?' असं विचार. माझी धाकटी दोघं या एका प्रश्नावर घडाघडा बोलायची.

पोटदुखी खोटी म्हणू नकोस. भीतीने खरंच पोटात दुखतं. पण रात्री झोपेतून उठवणारी कळ, ताप, उलट्या, वजन उतरणं यातलं काही असेल, किंवा शाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले तरी दुखणं थांबलं नाही, तर डॉक्टरांना दाखव. पहिल्या दिवशी फाटकाशी निरोप छोटा ठेव. न्यायला कोण येणार ते नक्की सांग आणि तीच व्यक्ती वेळेवर पोहोचू दे. त्याची नजर चुकवून निघून येऊ नकोस.

आणि सासूबाईंना सांग, आज संध्याकाळी शाळा-शाळा खेळायला बसा, बाई त्याला होऊ दे. तो कुणाला काय म्हणून रागावतो ते ऐक आणि इथे लिही. मग पुढचं बोलू.