आधी क्लास बघ, मग शाळा

अनेक आशीर्वाद.

चेलोच्या मास्टर्ससाठी तू पाठवलेली बारा परदेशी संगीत शाळांची यादी वाचली. नावं सगळी मोठी आहेत, पण एकाही नावापुढे चेलोच्या शिक्षकाचं नाव नाही. मास्टर्सच्या दोन वर्षांत खरं शिकणं होतं ते आठवड्याच्या त्या एका तासात, एकाच माणसासमोर. त्यामुळे यादी उलटी कर. आधी शिक्षक, मग ते जिथे शिकवतात ती शाळा.

शिक्षकांची रेकॉर्डिंग ऐकून भुलू नकोस, त्यांचे विद्यार्थी ऐक. शाळांच्या चॅनेलवर विद्यार्थ्यांचे रिसायटल, म्हणजे एकल वादनाचे कार्यक्रम, असतात. एकाच क्लासमधले, म्हणजे एकाच शिक्षकाकडे शिकणारे, चार-पाच जण ऐकलेस की कळतं: सगळ्यांचा उजवा हात मोकळा आहे का, की सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे वाजवतात? दुसरं दिसलं तर नाव कितीही मोठं असो, दूर राहा.

मग सप्टेंबरमध्ये त्या शिक्षकांना मेल कर. सहा-सात ओळी पुरेत: सध्या कुठे, कोणाकडे शिकतोस, एका ताज्या रेकॉर्डिंगची लिंक, आणि ट्रायल लेसन मिळेल का ही विचारणा. आणखी एक प्रश्न हमखास विचार: पुढच्या वर्षी तुमच्या क्लासमध्ये मास्टर्सच्या किती जागा रिकाम्या होतील? क्लास बारा जणांचा असला तरी त्यात पदवीचे आणि डॉक्टरेटचे विद्यार्थीही असतात. जाणारा एकच असेल तर जागाही एकच. उत्तम वाजवूनही नकार येतो, त्यामागे बऱ्याचदा हेच गणित असतं. शिक्षक निवृत्त होणार आहेत का, वर्षभर रजेवर जाणार आहेत का, हेही याच वेळी कळतं.

ट्रायल लेसनला घोटून पक्का केलेला तुकडा नेऊ नकोस. अर्धवट बसलेला ने. शिक्षक अडचण कशी सोडवतात ते त्यातच दिसतं. बाहेर पडल्यावर तिथल्या विद्यार्थ्यांना विचार: दौऱ्यांमुळे बुडालेले लेसन भरून मिळतात का? ऑर्केस्ट्रातल्या पुढच्या खुर्च्या आळीपाळीने मिळतात की त्याच दोघांना? रियाजाची खोली संध्याकाळी सातला मिळते का?

आता प्रीस्क्रीनिंग, म्हणजे प्रत्यक्ष ऑडिशनआधी रेकॉर्डिंगवरून होणारी चाळणी. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांची अर्जाची मुदत १ डिसेंबर असते आणि रेकॉर्डिंगही तेव्हाच द्यावं लागतं, म्हणून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ते हातावेगळं कर. साथीचा पियानिस्ट ऑगस्टमध्येच ठरव, ऐन वेळी चांगला मिळत नाही. शिफारसपत्रं सहा ते आठ आठवडे आधी माग. सगळ्या शाळांच्या मागण्या एका तक्त्यात मांड आणि जास्तीत जास्त ठिकाणी चालेल असा एकच कार्यक्रम बसव: बाखच्या एका सुइटमधल्या दोन भिन्न चालीच्या मूव्हमेंट (रचनेचे स्वतंत्र भाग), एक कन्चेर्तो (मूळ ऑर्केस्ट्रासोबतची रचना), एक सोनाटा (पियानोसोबतची).

मायक्रोफोन चेलोपासून दोन-अडीच मीटरवर, डोक्याच्या थोडा वर ठेव. फोनवर करणार असशील तर आवाजाची आपोआप पातळी राखणारी सोय बंद कर. ती चालू राहिली तर तुझा पियानिस्सिमो (अगदी हळू) आणि फोर्टे (जोरात) सारखेच ऐकू येतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं की याच्या वाजवण्यात आवाजाचे चढउतार, म्हणजे डायनॅमिक्सच नाहीत. पंखा बंद. कॅमेऱ्यात दोन्ही हात आणि चेहरा दिसला पाहिजे. एका मूव्हमेंटच्या आत कापाकापी अजिबात नको. दोन मूव्हमेंट वेगवेगळ्या दिवशी केल्या तर चालतं का, ते प्रत्येक शाळेच्या नियमात बघ. एका बैठकीत तीन-चार टेकच्या पुढे जाऊ नकोस. त्यानंतर चुका कमी होतात पण सूर दमलेला येतो, आणि समितीला तो पहिल्या मिनिटात ऐकू येतो.

सहा ते आठ अर्ज पुरे. प्रत्येकाची फी वेगळी, आणि पुढे जानेवारी ते मार्चमध्ये प्रत्यक्ष ऑडिशनचा प्रवास आहेच, त्यात चेलोसारख्या मोठ्या वाद्याला विमानात वेगळं तिकीट काढावं लागतं.

पैशाचं बोलायला लाजू नकोस. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संगीत शाळेत २००५ सालच्या दहा कोटी डॉलरच्या देणगीमुळे ट्यूशन लागत नाही. कर्टिस आणि कोलबर्न या तिथल्याच संगीत संस्थांमध्येही नाही. म्हणून तिथली चुरस जीवघेणी. जर्मनीतल्या सरकारी संगीत विद्यापीठांत सहसा फार थोडे पैसे लागतात, मात्र बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य २०१७पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १५०० युरो घेतं. असिस्टंटशिपचं, म्हणजे शाळेत काम करण्याच्या बदल्यात मिळणाऱ्या आर्थिक मदतीचं, पत्र आलं तर तीन गोष्टी शोध: ट्यूशन पूर्ण माफ आहे की अर्धी, दुसऱ्या वर्षाची हमी आहे का, आणि आठवड्याला काम किती तास. वीस तास शिकवून रोज चार तास रियाज होईल का, ते वेळापत्रक मांडूनच बघ. दुसऱ्या शाळेचा चांगला प्रस्ताव हातात असेल तर पहिल्या शाळेला तो दाखवून नम्रपणे विचारायला हरकत नाही. खोटा आकडा मात्र कधीही सांगू नकोस, या क्षेत्रात सगळे सगळ्यांना ओळखतात. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी आर्थिक मदतीच्या प्रस्तावाला १५ एप्रिलआधी उत्तर द्यायची सक्ती न करण्याचं मान्य केलं आहे. तेव्हा घाई केली जात असेल, तर ती शाळा त्या करारात आहे का हे तपास.

सुधारलेली यादी पाठव. प्रत्येक ओळीत शिक्षक, रिकाम्या जागा, मुदत आणि दोन वर्षांचा एकूण खर्च हवा.

ता. क. प्रवेश मिळाल्यावर बऱ्याच ठिकाणी थिअरी आणि संगीताच्या इतिहासाची चाचणी होते. त्यात अडकलास तर उजळणीचे कोर्स गळ्यात पडतात, आणि त्यांची क्रेडिट बहुधा पदवीत धरली जात नाहीत. उन्हाळ्यात जुन्या वह्या काढ.