चोवीस जीबीचं ग्राफिक्स कार्ड कर्जावर घेऊ का?

प्रश्न (पत्र थोडक्यात): मी कोल्हापुरात इंटिरिअरची कामं करते. थ्रीडी व्ह्यू आणि वॉकथ्रू (घरातून फिरल्यासारखे व्हिडिओ) स्वतःच बनवते. वर्षाची बिलं साधारण २२ लाखांची होतात. जीएसटी नोंदणी आहे आणि आयकराचं रिटर्न निम्मं उत्पन्न दाखवून भरते. कॉम्प्युटरमधलं सध्याचं क्वाड्रो आरटीएक्स ४००० ग्राफिक्स कार्ड ८ जीबी मेमरीचं आहे, मोठा सीन उघडला की अडकतं. विक्रेत्याने दोन कोटेशन दिली आहेत. आरटीएक्स ४००० एडा १,३०,००० रुपये आणि आरटीएक्स ४५०० एडा २,३५,००० रुपये, दोन्हींवर १८ टक्के जीएसटी वेगळा. ४५०० घेतलं तर ९,००० चा नवा पॉवर सप्लायही लागेल. तो म्हणतो, "मॅडम, मोठंच घ्या. २ लाख ८० हजारांचं कर्ज करून देतो, १५ टक्के, दोन वर्षं. घसाऱ्यात टॅक्सपण वाचेल." बँकेत ५ लाख आहेत. मिस्टर शिरोली एमआयडीसीत नोकरीला आहेत. घरखर्च ४५ हजार आणि घराचा हप्ता १८ हजार. कर्ज घ्यावं का? मुलीच्या सुकन्या खात्यात महिन्याला भरते ते ५ हजार वर्षभर थांबवून हप्ता भरू का?

उत्तर: ताई, कर्ज काढू नका आणि सुकन्याचे पैसे थांबवू नका. ४५०० एडा तर या भावात अजिबात घेऊ नका. कार्ड मात्र तुम्हाला खरोखर हवं आहे, ते घ्या, पण स्वतःच्या पैशातून आणि तुमच्या कामाला लागेल तेवढंच.

आधी टॅक्सचा मुद्दा निकालात काढू, कारण विक्रेत्याच्या बोलण्यातला सगळ्यात मोहात पाडणारा भाग तोच आहे आणि तुमच्या बाबतीत तो पूर्ण पोकळ आहे. तुम्ही ४४एडीए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनुमानित पद्धतीने रिटर्न भरता. त्यात जमा रकमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते आणि उरलेल्या निम्म्यात सगळा खर्च आला असं मानलं जातं. घसारा म्हणजे वस्तू जुनी होत जाते त्याची वजावट, तीही त्यातच आली. कार्ड १ लाखाचं घ्या की ३ लाखांचं, तुमचं करपात्र उत्पन्न ११ लाखच राहणार. शिवाय २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. बँकेचं व्याज मिळवलं तरी तुम्ही त्या मर्यादेच्या आतच आहात. कर भरायचाच नाही, तर वाचणार काय? पुढे कधी पूर्ण हिशेबाच्या वह्या ठेवायला लागलात तर कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो, पहिल्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल तर त्याच्या निम्मा. पण तो विषय तेव्हाचा.

जीएसटीचं मात्र उलट आहे. तिथे तुम्हाला खरा फायदा आहे आणि विक्रेत्याने नेमका तोच सांगितला नाही. तुम्ही ग्राहकांकडून १८ टक्के जीएसटी घेऊन भरता, त्यातून कार्डावरचा जीएसटी वजा करता येतो. ४००० एडाचं बिल १,५३,४०० होईल, त्यातले २३,४०० पुढच्या रिटर्नमध्ये वळते होतील. त्यासाठी बिल तुमच्या व्यवसायाच्या नावावर, तुमच्या जीएसटी क्रमांकासह हवं, आणि विक्रेत्याने त्याचं रिटर्न भरून ते जीएसटी पोर्टलवर तुमच्या २बी या विवरणात दिसायला हवं. "बिल नको, थोडं कमी करून देतो" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

आता दोन कार्डांची तुलना. आकडे मी ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्या माहितीपत्रकातलेच घेते. ४००० एडाला ६,१४४ कोअर (गणितं करणारे छोटे घटक), २० जीबी मेमरी, सेकंदाला ३६० जीबी बँडविड्थ (मेमरीतून माहिती ये-जा करण्याचा वेग) आणि १३० वॉट वीज. ४५०० एडाला ७,६८० कोअर, २४ जीबी, ४३२ जीबी बँडविड्थ आणि २१० वॉट. कागदावरचा गणिती वेग अनुक्रमे २६.७ आणि ३९.६ टेराफ्लॉप्स (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं). म्हणजे मोठ्या कार्डात वेग जास्तीत जास्त ४८ टक्क्यांनी वाढतो, मेमरी आणि बँडविड्थ प्रत्येकी २० टक्क्यांनी, आणि किंमत ८१ टक्क्यांनी. पॉवर सप्लाय धरला तर त्याहूनही जास्त.

पण नुसत्या टक्क्यांवर मी निर्णय देत नाही. म्हणूनच उत्तर लिहिण्याआधी तुमच्याकडून एक फोटो मागवला होता: सगळ्यात जड सीन उघडा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्समध्ये जा आणि जीपीयूचं, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचं, पान दाखवा. त्या फोटोतच या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. डेडिकेटेड जीपीयू मेमरी ८ पैकी ७.८ जीबी भरलेली आणि खाली शेअर्ड मेमरी ६ जीबीच्या आसपास. कार्डाची स्वतःची मेमरी संपली की उरलेला भार कॉम्प्युटरच्या साध्या रॅमवर जातो आणि तिथून कार्डापर्यंतचा रस्ता कितीतरी अरुंद आहे. तुमचं मशीन अडकतं ते यामुळे. कार्ड जुनं आहे हे खरं, पण रोजचा त्रास जागा अपुरी पडल्याचा आहे. तुमच्या सगळ्यात जड कामाला १४ जीबीच्या आसपास लागतात. २० जीबीत ते आरामात बसतं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत सीन वाढले तरी जागा उरते. वरच्या ४ जीबीसाठी पॉवर सप्लायसकट १ लाख १४ हजार जादा मोजावेत असं त्या फोटोत मला काही दिसलं नाही.

वेगाचं म्हणाल तर तुमचं क्वाड्रो २०१८ च्या अखेरीचं, ७.१ टेराफ्लॉप्सचं. ४००० एडा कागदावर पावणेचार पट होतं. प्रत्यक्षात एवढं मिळणार नाही, कारण मधल्या पिढ्यांत हा आकडा मोजण्याचा पायाच बदलला आहे. तरीही फरक पहिल्याच दिवशी जाणवेल. आणि तुम्हीच लिहिलं आहे की वॉकथ्रू रात्री लावून झोपता. मग रात्री तीनला संपणारं रेंडर (अंतिम चित्रं तयार होण्याचं काम) एकला संपलं, तर सकाळी साडेनऊला ग्राहकाला पाठवण्यात काय फरक पडतो? वेगाला किंमत आहे ती दिवसाची, ग्राहक शेजारी बसून "लॅमिनेट जरा गडद करून दाखवा" म्हणतो तेव्हाची. तिथे मेमरी मोकळी झाली की बहुतेक काम भागतं.

आता पैशाची बाजू. एका वॉकथ्रूचे तुम्ही ३५ हजार घेता, मदतनीस आणि बाकी खर्च जाऊन २० हजार हातात राहतात. जीएसटी परत मिळतो, म्हणून तो सोडून हिशेब करू. ४००० एडाचे १,३०,००० वसूल व्हायला साडेसहा, म्हणजे सात जादा कामं लागतात. ४५०० एडा आणि पॉवर सप्लाय मिळून २,४४,००० होतात, त्याला बारा-तेरा कामं. ही सहा जादा कामं मोठं कार्ड तुम्हाला आणून देणार आहे का? तुमच्याच सांगण्यानुसार कामं थांबतात ती मॉडेलिंग आणि ग्राहकांच्या बदलांमध्ये. तिथे माणसाचे तास लागतात, कार्डाचे कोअर नाहीत.

कर्जाचा हप्ता महिन्याला सुमारे १३,५८० बसेल आणि दोन वर्षांत व्याजाचे जवळपास ४६ हजार जातील. दोन कार्डांच्या किमतीतला फरक १,०५,००० चा. त्या फरकाच्या चव्वेचाळीस टक्क्यांएवढं निव्वळ व्याज! इंटिरिअरच्या धंद्यात पावसाळ्यात कामं मंदावतात, ग्राहकांची शेवटची रक्कम अडकते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. हप्ता मात्र पाच तारखेला जातोच. मुलीच्या खात्यातले ५ हजार थांबवून तो भरायचा विचार तुमच्या मनात आला, यातच मला धोक्याची खूण दिसते. सुकन्याचं व्याज करमुक्त आहे, ते पंधरा टक्क्यांच्या कर्जाच्या तोंडी घालू नका.

बँकेतल्या ५ लाखांची अशी फोड करा. घरखर्च आणि घराचा हप्ता मिळून महिना ६३ हजार. तुम्ही एकट्या कमावत्या असतात तर मी सहा महिन्यांचा राखीव निधी मागितला असता. मिस्टरांचा पगार नियमित आहे, त्यामुळे पाच महिन्यांवर समाधान मानते: ३,१५,०००. त्याला हात लावायचा नाही. उरतात १,८५,०००. ४००० एडा १,५३,४०० ला येतं, म्हणजे ते या पैशात बसतं आणि वर ३१ हजार शिल्लक राहतात. ४५०० एडाला पॉवर सप्लायसकट जवळपास २ लाख ८८ हजार लागतील. ते बसत नाही, आणि बसवायचा प्रयत्नही करू नका.

पॉवर सप्लायवरही विक्रेत्याला आणखी प्रश्न विचारा. तुमचं मशीन ब्रँडेड वर्कस्टेशन आहे आणि अशा मशीनमध्ये बाजारातला सप्लाय बऱ्याचदा बसतच नाही, कंपनीचाच घ्यावा लागतो. ९ हजारांचा आकडा कशावरून काढला, ते लिहून द्यायला सांगा. ४५०० एडा दोन स्लॉटची जागाही घेतं. ४००० एडा एकाच स्लॉटचं, तुमच्या जुन्या क्वाड्रोच्या जागी सरळ बसणारं, आणि १६० ऐवजी १३० वॉट खाणारं आहे. फक्त त्याचा वीजजोड नव्या १६ पिनांचा असतो, त्याचा अडॅप्टर डब्यात आहे का ते पाहा. विजेच्या बिलाची धास्ती नको: दोन कार्डांतला ८० वॉटचा फरक रोज आठ तास, वर्षाला ३०० दिवस धरला आणि युनिटला १२ रुपये लावले, तरी २,३०० रुपयांच्या आसपास जातो.

आता एक गोष्ट जी तुमच्या विक्रेत्याने सांगायला हवी होती. ही दोन्ही कार्डं मागच्या, 'एडा' पिढीची आहेत. एनव्हिडियाने मार्च २०२५ मध्ये आरटीएक्स प्रो ब्लॅकवेल मालिका जाहीर केली. त्यातलं आरटीएक्स प्रो ४००० ब्लॅकवेल हे २४ जीबी मेमरीचं, ८,९६० कोअरचं, ६७२ जीबी बँडविड्थचं आणि तरीही एकाच स्लॉटचं, १४० वॉटच्या आसपासचं कार्ड आहे. ४५०० एडाची मेमरी आणि ४००० एडाचा आकार एकाच ठिकाणी. नवी पिढी बाजारात असताना जुन्या पिढीचं महाग कार्ड कर्जावर गळ्यात मारलं जातंय, याचा मला खरंच राग आहे. दोन वेगळ्या विक्रेत्यांकडून प्रो ४००० चं कोटेशन मागवा. ते १,५५,००० अधिक जीएसटी किंवा त्याखाली आलं तर तेच घ्या. एकूण १,८२,९०० होतील, म्हणजे राखीव निधी शाबूत राहतो आणि वसुलीला आठच कामं लागतात. त्याहून महाग असेल तर ४००० एडा, आणि हातात नव्या पिढीचा भाव असल्यामुळे १,३०,००० वर घासाघीसही करा.

साध्या गेमिंग कार्डाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगायला हवं. तुम्ही वापरता त्या ब्लेंडर, व्ही-रे, डी५ सारख्या प्रोग्रॅमना ती चालतात. महागड्या कार्डांतल्या ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणाऱ्या) मेमरीचं आणि प्रमाणित ड्रायव्हरचं महत्त्व सॉलिडवर्क्स, कॅटियासारखे यंत्रांच्या डिझाइनचे प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना जास्त. आरटीएक्स ५०७० टीआय बरंच स्वस्त आणि वेगवान आहे, मात्र त्याला १६ जीबीच आहेत आणि ते ३०० वॉट ओढतं. तुमच्या १४ जीबीच्या सीनला ते काठोकाठ होईल, आणि तुमच्या पेटीत जागा आणि वीज दोन्ही पुरणार नाहीत. नवं मशीन बांधत असतात तर मी त्याचा विचार आधी करायला सांगितला असता.

"आत्ता लहान घेते, पुढे तसंच दुसरं घालून मेमरी ४० जीबी करते" असाही एक बेत तुमच्या पत्रात होता. तो तेवढा मनातून काढा. या कार्डांना दोन कार्डं जोडणारी एनव्हीलिंकची सोय नाही, दोन कार्डांची मेमरी एकत्र होत नाही. रेंडरचा वेग वाढेल, पण सीन प्रत्येक कार्डात पूर्ण मावायला हवा.

कोटेशनवर पूर्ण नाव वाचा. "आरटीएक्स ४०००" एवढंच लिहून भागत नाही. तुमचं जुनं क्वाड्रो, २०२१ चं १६ जीबीचं ए४०००, हे एडा आणि ७० वॉटचं लहान एसएफएफ एडा, चारही नावांत ४००० आहे आणि चौघांची किंमत वेगळी आहे. बिलावर पूर्ण मॉडेल, मेमरी, सीरियल नंबर, आणि वॉरंटी किती वर्षांची, दुरुस्ती कोण करून देणार, हे लिहून घ्या. पैसे देण्याआधी ज्याचा फोटो मला पाठवला होता तोच सीन पेन ड्राइव्हवर घेऊन दुकानात जा, नव्या कार्डावर उघडायला सांगा आणि शेअर्ड मेमरीचा आकडा वर चढतो का ते पाहा.