एकच द्राक्ष, दोन चवी कशा?

प्रश्न : ताई, भाचा फ्रान्सहून शॅम्पेनच्या दोन बाटल्या घेऊन आलाय, एकाच छोट्या शेतकऱ्याच्या, दोन्ही निव्वळ शार्डोने या पांढऱ्या द्राक्षाच्या, फक्त गावं वेगळी. चव खरंच वेगळी लागेल का? आणि प्यायची कशी?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : भाऊ, लागणार! बामणोदचं भरिताचं वांगं दुसरीकडे लावलं तर ती चव येते का, तसंच आहे हे. तिकडे शॅम्पेन प्रांतातल्या कोत दे ब्लां भागात जमिनीखाली पांढरा खडू आहे, तो पाणी धरतो आणि जास्तीचं सोडूनही देतो, आपल्या काळ्या मातीसारखा चिखल होत नाही. पण खडूवर मातीचा थर कुठे पातळ कुठे जाड, उतार वेगळा, ऊन वेगळं, म्हणून बरेच छोटे शेतकरी प्रत्येक तुकड्याची वाईन वेगळी ठेवतात, मला त्यांचं हेच फार आवडतं.

बाटली ८ ते १० डिग्रीला गार करा, आत साधारण ६ ॲटमॉस्फिअर, म्हणजे हवेच्या दाबाच्या सहापट प्रेशर असतं म्हणून तोंड माणसांकडे नको, बूच घट्ट धरून बाटली फिरवायची. फ्लूट म्हणजे अरुंद उंच ग्लास नको, वाईनचा साधा ग्लास घ्या आणि दोन्ही शेजारी शेजारी ओता. आधी वास, लिंबू, हिरवं सफरचंद, थोडी भाजलेल्या पावासारखी झाक, ती बाटलीत यीस्टवर मुरल्यामुळे येते. मग घोट तोंडात फिरवा, एक धारदार लागेल, दुसरी कदाचित गोलसर. लेबलवर ब्रूट नेचर असेल तर लिटरला ३ ग्रॅमपेक्षा कमी साखर, म्हणजे आंबटपणा उघडा लागणार. सोबत भाजलेला उडदाचा पापड घ्या, शेवभाजी मात्र नको, तिखटापुढे काहीच कळत नाही.