सुलकाटा कासवाच्या पाठीवर टेंगळं येतायत, खायला काय द्यावं?

तुम्ही लिहिलंय की सुलकाटाचं, म्हणजे आफ्रिकेतल्या जमिनीवरच्या कासवाचं, पिल्लू दीड वर्षाचं आहे, पाठीवरचा एकेक खवला वर येतोय आणि लसूणघासात (जनावरांच्या चाऱ्यात) प्रथिनं जास्त, असं कुणीतरी सांगितलं म्हणून तो बंद केलाय. हे 'कुणीतरी' आमचे साडू तर नव्हेत? कारण हा सल्ला ते नाशिकच्या अख्ख्या सिडकोत वाटत फिरतात.

लसूणघासाने काही झालेलं नाही. तुमच्याकडची हवा कोरडी आहे.

आमचं आणि साडूंचं कासव एकाच माणसाकडून, एकाच वेळी घेतलेलं. दोन्ही तेव्हा तळहातावर मावायची. साडूंचं म्हणणं, हे सहाराच्या कडेचं जनावर, याला ओल लागली की संपलं. म्हणून काचेची टाकी, खाली कोरडी वाळू, वर दिवसभर बल्ब. मी झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घेतला, नर्सरीतून कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणून अंथरलं आणि ते कायम दमट ठेवलं. शिवाय रोज सकाळी परातीत कोमट पाणी, त्याच्या हनुवटीइतकं, त्यात वीसेक मिनिटं बसवायचं. सासुरवाडीत त्यावर जे काही ऐकून घेतलंय! 'यांच्याकडे कासवाची रोज नरकचतुर्दशी' हा साडूंचा विनोद प्रत्येक लग्नात होतो.

अहो, वाळवंटातलं असलं तरी पिल्लू उन्हात पडून राहतं का? ते बिळात राहतं, आत ओलावा असतो, आणि अंग धरतं ते पावसाळ्यातल्या हिरव्या गवतावर. कवचाचा वरचा थर केराटिनचा, म्हणजे आपल्या नखांतलंच द्रव्य. वाढ होते दोन खवल्यांमधल्या शिवणीत. ती शिवण सुकत राहिली की नवा थर सपाट पसरत नाही आणि खवला मधोमध उंचावत जातो. व्हिएन्नाच्या संशोधकांनी 2003 मध्ये सुलकाटाच्याच पिल्लांवर हे तपासून छापलंय. प्रथिनं कमी-जास्त करून फारसा फरक पडला नाही; हवा कोरडी ठेवली तिथे टेंगळं जास्त आली. त्याची प्रिंट काढून साडूंना दिली, ती त्यांनी टाकीखाली अंथरली.

आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या हवेत द्राक्षांचे बेदाणे होतात. त्या हवेत पिल्लाच्या पाठीचं काय होत असेल, सांगा.

मागच्या गणपतीत दोन्ही कासवं आमच्या गच्चीवर शेजारी शेजारी होती. आमच्याच्या पाठीवरून बोट फिरवलं की शिवणीशी नुसती खरखर लागते, तिथे नव्या वाढीची पांढुरकी रेघ दिसते. साडूंच्याच्या पाठीवर बोट चढतं, उतरतं, पुन्हा चढतं. ताटात पेढे मांडावेत तसं. सासूबाईंनी दोन्हीवर हात फिरवला आणि काही न बोलता आत गेल्या. साडू म्हणाले, 'तुमच्याला लसूणघास कमी मिळतो म्हणून.' आता काय बोलणार!

खाण्याचं विचारलंत तर गवत मुख्य. हरळी, जास्वंदीची पानं-फुलं, शेवग्याचा पाला, काटे काढलेला फड्या निवडुंग. लसूणघास मधूनमधून, रोज ढीगभर नको. फळं नकोत. दिंडोरीकडचा पाहुणा द्राक्षाचा पाला आणून देईल. पाला चांगलाच, पण बागेत फवारण्या किती होतात ते तुम्हालाही माहीत आहे. काष्ठौषधीवाल्याकडून समुद्रफेस, म्हणजे माकुळाचं कॅल्शियमवालं हाड, आणून एक तुकडा डब्यात पडू द्या, कुरतडेल.

ओल म्हणजे गारठा नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. थंडीत आपल्याकडे पारा किती उतरतो! ओलं आणि गार एकत्र आलं की न्यूमोनिया होतो. डबा रात्रीही 26-27 अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. आलेली टेंगळं जाणार नाहीत, पुढची वाढ तेवढी सपाट येईल. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही, हाडं-कवचाला लागणारे उन्हातले यूव्हीबी किरण काच अडवते. अंगणात किंवा गच्चीवर सोडा, सावलीची जागा ठेवून. कवच बोटाने दाबलं जात असेल तर ते दुखणं वेगळं, कॅल्शियम आणि यूव्हीबीच्या कमतरतेचं. तिथे कोकोपीटने काही होणार नाही, सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठा. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी केली नसेल तर तीही करून टाका, सुलकाटाला ती लागते.

फोटो टाकला नाहीत म्हणून आणखी एक. सुलकाटा एकरंगी, मातकट असतो. तुमच्याच्या काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असतील तर विकणाऱ्याने फसवलंय, ते आपलं तारा कासव आहे. त्याचे खवले मुळातच थोडे उंच असतात. पण ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, घरात ठेवणं गुन्हा. नदीत सोडू नका, जमिनीवरचं जनावर आहे, बुडेल. वनविभागाच्या 1926 वर फोन करा.